नेटबॉलपटूचा गुडघा

हैदराबाद शहरात गुडघ्याविषयी बोलावयाचे झाले, तर पुलेला गोपीचंद यांच्या नावापासून आरंभ करणे क्रमप्राप्त आहे. १९९४ साली पुण्यास राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. तेथे दुहेरीचा सामना खेळत असता या विशीतल्या तरुणाच्या गुडघ्यातील बंध तुटला. पुढे शस्त्रक्रिया झाल्या, काठ्या आल्या, आणि हा मुलगा पुन्हा खेळेल की नाही, याविषयी जाणकारही साशंक झाले. त्याच गोपीचंदांनी १९९६ पासून सलग पाच वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि मार्च २००१ मध्ये चीनच्या चेन हाँगला सरळ दोन डावांत नमवून ऑल इंग्लंडचा चषक घरी आणला. ही हकीकत आपण मुलांना सांगतो ती जिद्दीची गोष्ट म्हणून, आणि जिद्द तीत होतीच. परंतु पुण्याचा तो सामना आणि ऑल इंग्लंडचा तो चषक यांच्या मध्ये जी सात वर्षे गेली, त्यांत कितीतरी दिवस असे असणार की ज्या दिवशी पाय सरळ करणे, वाकविणे आणि पुन्हा सरळ करणे याखेरीज काहीच घडले नसेल. अशा दिवसांची वार्ता वर्तमानपत्रांत येत नाही. श्रोतेहो, आज मला बोलावयाचे आहे ते त्या नीरस दिवसांविषयी. आणि तेही एखाद्या नामवंत खेळाडूच्या संदर्भात नव्हे, तर नेटबॉल खेळणाऱ्या शाळा-कॉलेजातील मुलींच्या संदर्भात.

नेटबॉलच का, असे कोणी विचारील. या खेळाला आपल्याकडे क्रिकेट-बॅडमिंटनचे वलय नाही हे खरे. तथापि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत भारताचा महिला संघ उतरला होता, आणि २०२२ साली गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय स्पर्धांत तेलंगणाचा पुरुष संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचून थोडक्यात हरला. जिल्हा आणि आंतरशालेय सामन्यांतून तो मुलींमध्ये चांगलाच रुजला आहे. आणि गुडघ्याला व घोट्याला जेवढी कठोर परीक्षा हा खेळ देतो, तेवढी देणारे खेळ थोडेच आहेत. हे का, ते समजल्याखेरीज उपचाराचे मर्म कळावयाचे नाही. म्हणून प्रथम खेळाचे नियम पाहू.

मैदान ३०.५ मीटर लांब आणि १५.२५ मीटर रुंद. दोन्ही टोकांस ३.०५ मीटर उंचीवर कडे. बास्केटबॉलसारखी त्याच्यामागे फळी नाही. प्रत्येक बाजूस सात खेळाडू, आणि प्रत्येकीने मैदानाच्या कोणत्या भागात वावरावे हे ठरलेले. चेंडू हाती आला की तीन सेकंदांच्या आत तो सोडावयाचा. आणि आता महत्त्वाचा नियम: चेंडू झेलताना जो पाय प्रथम जमिनीस टेकला, तो एकदा उचलला की चेंडू हातातून सुटेपर्यंत पुन्हा टेकवावयाचा नाही. चेंडू आपटीत पुढे धावण्याचीही सोय नाही.

हा नियम कागदावर निरुपद्रवी दिसतो. परंतु धावत येऊन, उंच उडी मारून, हवेत चेंडू झेलणारी मुलगी जमिनीवर येते तेव्हा तिचे काय होते, ते पाहा. बास्केटबॉलचा खेळाडू दोन-चार पावलांत आपला वेग जिरवितो. आपल्या खो-खोतील मुलगी खांबाला हाताचा विळखा घालून वेग वळवून घेते. नेटबॉलपटूला यांपैकी काहीच करता येत नाही. धावण्याचा सारा वेग आणि उडीचा सारा भार तिला एका, फार तर दोन पावलांत, जागच्या जागी गिळावा लागतो. आणि तोही बहुधा एकाच पायावर, नजर चेंडूकडे असताना. शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार त्या क्षणी त्या एका पायावर येतो. आपल्याकडे पुष्कळ शाळांची मैदाने सिमेंटची, म्हणजे खालची भूमीही काही दयामाया दाखवीत नाही.

गुडघ्याच्या पोटात दोन बंध फुलीसारखे एकमेकांवर आडवे बसविलेले असतात. त्यांतील पुढच्या बंधाला डॉक्टर मंडळी ‘एसीएल’ म्हणतात. नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू नये आणि गुडघा पिळवटला जाऊ नये, हे त्याचे काम. उडीवरून उतरताना गुडघा पुरेसा वाकला नाही, आणि त्यातच तो आतल्या बाजूस, दुसऱ्या गुडघ्याकडे, ढळला, तर हा बंध तुटतो. पाऊल जमिनीस लागल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत हे सारे होऊन जाते. कोणी धक्का दिलेला नसतो, कोणी पाडलेले नसते. मुलीला आतून ‘खट्ट’ असा आवाज आल्यासारखे वाटते, ती खाली बसते, आणि तासा-दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा फुगतो. उड्या आणि वळणे यांच्या खेळांत ही इजा मुलांपेक्षा मुलींना कितीतरी अधिक प्रमाणात होते. हाडांची ठेवण, संप्रेरके अशी कारणे त्यासाठी सांगितली जातात. परंतु एक कारण आपल्या हातचे आहे, ते म्हणजे पायाच्या स्नायूंची ताकद आणि उतरण्याची सवय. मुलग्यांना लहानपणी भिंतीवरून, झाडांवरून उड्या मारू देतात. मुलींना ‘सांभाळून’ म्हणतात. मग पंधराव्या वर्षी त्यांच्याकडून एकदम उंच उडीची अपेक्षा करतात. याचा दोष गुडघ्याला देणे न्यायाचे नाही, असे मला वाटते.

गुडघ्यापेक्षाही अधिक वेळा मुरगळतो तो घोटा. पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा बंध ताणला किंवा फाटला जातो. मुरगळलेल्या घोट्याला आपण किरकोळ समजतो. घरी आंबेहळदीचा लेप होतो, कोणी वडीलधारे माणूस तेल लावून जोराने चोळून देते. हैदराबादेत तर गल्लोगल्ली ‘पुत्तूर कट्टू’ची पाटी दिसते. आंध्रातील पुत्तूर गावच्या हाडवैद्यांची ही बांधणी येथे पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या विश्वासाची आहे. त्या विश्वासाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु आत काय मोडले वा तुटले आहे ते कळण्यापूर्वी पाय घट्ट बांधून टाकणे धोक्याचे, आणि ताज्या दुखापतीवर चोळणे तर अगदी वर्ज्य. त्याने आतील रक्तस्राव वाढतो. कॅनडातील ऑटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली एक साधी कसोटी सांगितली, ती प्रत्येक क्रीडाशिक्षकाने पाठ करावी अशी आहे. मुलीला स्वतःच्या पायाने चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेवर वा टोकाशी दाबल्यास कळ येत असेल, तर क्ष-किरण चित्र काढलेच पाहिजे. अन्यथा पहिले दोन-तीन दिवस पाय उंच ठेवणे, पट्टी गुंडाळणे, वेदना शमविण्यापुरता फडक्यात गुंडाळलेला बर्फ. आणि लौकरात लौकर, वेदना सोसवेल तितके, चालावयास लागणे. घोट्यास आठवडेच्या आठवडे अंथरुणावर विश्रांती देण्याचे दिवस गेले.

घोट्याच्या बाबतीत खरा घात होतो तो पुढे. सूज उतरते, मुलगी धावू लागते, आणि महिन्याभरात तोच पाय पुन्हा मुरगळतो. याचे कारण असे की, बंधांमध्ये केवळ बळकटी नसते, जाणीवही असते. पाय कोठे, कसा, किती कलला आहे, ही वार्ता ते क्षणोक्षणी मेंदूला कळवीत असतात. बंध फाटला की ही तारायंत्रे तुटतात. ती पुन्हा जोडण्यास औषध नाही, सराव आहे. सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहावे. ते जमले की डोळे मिटून. ते जमले की घडी घातलेल्या चादरीवर. मग समोरून कोणी चेंडू टाकावा आणि एका पायावर उभे राहूनच तो झेलावा. याला ना खर्च, ना यंत्र. सामन्यात परतल्यावर काही महिने घोट्याला आधारपट्टा बांधावा. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याचा संभव त्याने बराच घटतो.

आता गुडघ्याकडे पुन्हा वळू. बंध पूर्ण तुटला आहे असे ठरले, म्हणजे पहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा. सर्वांनाच ती लागते असे नाही; चालणे, जिने, सायकल, कारकुनी यांसाठी पुष्कळांचा गुडघा व्यायामाने चांगला सावरतो. परंतु उड्या आणि वळणे यांच्या खेळात परतावयाचे असेल, तर शल्यचिकित्सक बहुधा नवा बंध बसविण्याचा सल्ला देतात. मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा एखादा स्नायुबंध काढून तो तुटलेल्या बंधाच्या जागी, हाडात बोगदा पाडून, ओवतात. पंजागुट्ट्याचे आजचे ‘निम्स’ हे मुळात निजामांच्या धर्मादाय निधीतून अस्थिरोग रुग्णालय म्हणूनच उभे राहिले. हाडांच्या वैद्यकाची परंपरा या शहराला नवी नाही, आणि आज ही शस्त्रक्रिया येथे नित्याची झाली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे सूज उतरवून मांडीचे स्नायू कमावून घ्यावेत, म्हणजे नंतरची वाट सोपी होते, हेही डॉक्टर सांगतात. पालक मात्र शस्त्रक्रिया म्हणजे सर्व काही असे समजतात. ती एक-दोन तासांची असते. उरलेले नऊ महिने फिजिओथेरपीचे, आणि खरे सांगावयाचे तर मुलीच्या स्वतःच्या हातचे.

या ठिकाणी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण निम्मे अपघात ती न समजल्याने होतात. नवा बंध बसविला तेव्हा तो मृत दोरासारखा असतो. हळूहळू त्यात रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू विरघळतात, नवे तयार होतात. या स्थित्यंतरात, शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, तो पहिल्या दिवसापेक्षाही कमजोर असतो. आणि नेमक्या याच सुमारास सूज गेलेली असते, वेदना थांबलेली असते, चाल सुधारलेली असते. मुलगी म्हणते, ‘बाई, आता काही दुखत नाही. निवडचाचणीला उतरवा ना मला!’ बाईंनाही संघाची चिंता असते. वेदना नाही म्हणजे गुडघा बरा, हे गणित येथे साफ चुकते.

पहिल्या पंधरवड्याचे ध्येय लहान दिसते, पण ते साधले नाही तर पुढचे सारे लंगडे पडते. गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. पुष्कळांना वाटते, वाकविणे अवघड. प्रत्यक्षात सरळ होणे राहून जाते आणि ती दोन-चार अंशांची उणीव जन्मभर चाल बिघडविते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबावा, मांडीचा स्नायू आवळून पाच मोजेपर्यंत धरावा, सोडावा. दिवसातून अनेकदा. शस्त्रक्रियेनंतर हा मांडीचा स्नायू अक्षरशः झोपी जातो आणि आठवड्यात हातभर मांडी बोटभर बारीक दिसू लागते. त्याला जागे करणे हेच पहिले काम.

मग ताकद. खुर्चीवरून हाताच्या आधाराविना उठणे-बसणे. पाठ भिंतीला लावून अर्धे बसणे. उताणे निजून कंबर उचलणे, आधी दोन पायांवर, नंतर एका. जिन्याच्या पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे. या शेवटच्या व्यायामात समोर आरसा ठेवावा आणि गुडघा पायाच्या अंगठ्याच्या आत ढळतो का ते पाहावे. ढळत असेल तर दोष गुडघ्याचा नसतो, कमरेच्या बाजूच्या स्नायूंचा असतो. ते कमावले की गुडघा आपोआप वळणावर येतो. वजन हवे असेल तर व्यायामशाळाच पाहिजे असे नाही. पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ भरले तरी काम होते. मात्र कोणता व्यायाम कोणत्या आठवड्यात, हे फिजिओथेरपिस्टनेच ठरवावे. शेजारच्या मुलीचा तक्ता आपल्या गुडघ्याला चालत नाही. आणि या महिन्यांत पोटभर जेवावे. खेळत नाही म्हणून वजन वाढेल, या भीतीने पुष्कळ मुली ताटातले कमी करतात. अपुरे खाणे, मासिक पाळी बंद होणे आणि हाडे ठिसूळ होणे ही तिन्ही एकमेकांचा हात धरून येतात. पाळी तीन महिने आली नाही तर ‘सरावाचा ताण’ म्हणून गप्प न बसता डॉक्टरांना सांगावे.

यानंतर उड्या. येथे मला आपल्या लंगडीची आठवण होते. पाश्चात्त्य क्रीडावैद्यकात गुडघ्याची एक मान्यताप्राप्त परीक्षा आहे: एका पायावर सलग तीन उड्या मारावयाच्या आणि अंतर मोजावयाचे; मग दुसऱ्या पायावर. दुखावलेल्या पायाचे अंतर चांगल्या पायाच्या शेकडा ९० तरी भरले पाहिजे. मांडीच्या ताकदीचेही तसेच. ही उडी म्हणजे आपली लंगडीच नव्हे काय? काचीगुड्याच्या वा सुलतान बाजारच्या मराठी घरांतील आज्यांना विचारा. अंगणात लंगडी घालीत त्या वाढल्या. त्या खेळातील मुलगी एका पायावर उतरते, तोल सावरते, दिशा बदलते, आणि तेही दुसरीला पकडण्याकडे लक्ष ठेवून. उपचाराच्या पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर, परवानगी मिळाल्यावर, हाच खेळ उत्तम व्यायाम होतो. शाळेतल्या मुलींना तो अगोदरपासूनच खेळू दिला, तर पुष्कळ गुडघे मुळात दुखावणारच नाहीत. सरावापूर्वी पंधरा-वीस मिनिटे उतरण्याचे, तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम नियमाने घेतले, तर मुलींमधील ही इजा निम्म्याच्या आसपास घटते असे अनेक देशांत दिसून आले आहे. आणि त्याला खर्च पंधरा मिनिटांचा.

उतरावे कसे? आवाज न करता. मी म्हणेन, हीच एक सूचना शंभर सूचनांच्या बरोबरीची आहे. पाय आपटल्याचा आवाज आला तर भार हाडांवर आणि बंधांवर गेला. आवाज आला नाही तर तो स्नायूंनी झेलला. मांजर भिंतीवरून उडी टाकते तेव्हा काय करते ते पाहावे.

येथपर्यंतचा उपचार कोणत्याही खेळाडूला लागू पडेल. यापुढे मात्र तो नेटबॉलचा व्हावयास हवा, आणि बहुतेक ठिकाणी नेमका येथेच तो थांबतो. गुडघा बरा झाला, आता खेळ, असे सांगून मुलीला मोकळे करतात. परंतु मैदानात ती गुडघ्याकडे पाहून उतरणार नाही. ती चेंडूकडे, प्रतिस्पर्ध्याकडे, पंचाच्या शिट्टीकडे लक्ष देत उतरेल. म्हणून सरावातही हळूहळू तिचे लक्ष काढून घेतले पाहिजे. प्रथम नुसती उडी. मग उडीत झेल. मग झेल घेतल्याबरोबर कोणाचे नाव पुकारले जाईल तिच्याकडे फेक. मग शेजारी एखादी मुलगी हलकेच खांद्याला रेटा देत असताना तेच. आणि प्रत्येक वेळी तीन सेकंदांचा व पहिल्या पावलाचा नियम पाळून.

जागेप्रमाणेही भेद करावा लागतो. मध्यभागी खेळणारी ‘सेंटर’ सर्वांत अधिक धावते. तिला थांबणे-सुटणे, वळणे यांची पुनरावृत्ती आणि दम दोन्ही हवीत, कारण थकलेल्या पायाचा गुडघा लौकर ढळतो. कड्याचे रक्षण करणारीला नियमाने ०.९ मीटर दूर उभे राहून, एका पायावर पुढे झुकून हात उंचावावे लागतात आणि तेथूनच उसळलेल्या चेंडूवर झेप घ्यावी लागते. नेमबाज मुलगी धावते कमी, परंतु गर्दीत, मागे पाऊल टाकीत, दुसरीच्या पायाशेजारी उतरते. तिला मागे सरकून उतरण्याचा सराव पाहिजे. हे सर्व प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांनी एकत्र बसून ठरवावे. दोघांची भेट होतच नाही, ही आपल्याकडची रड आहे.

मनाचेही थोडे सांगतो. जी उडी मारताना गुडघा गेला, तीच उडी पुन्हा मारावयाची म्हणजे भीती वाटणारच, आणि ती भित्रेपणाची खूण नव्हे. भ्यालेली मुलगी अंग आखडून, ताठ पायाने उतरते, आणि ताठ पायाचा धोका आपण वर पाहिलाच. तेव्हा ‘घाबरतेस काय!’ म्हणून तिला पुढे ढकलणाऱ्यांनी जरा थांबावे. याच शहराच्या पी. व्ही. सिंधू यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये दुखऱ्या पायाने राष्ट्रकुलचे सुवर्ण जिंकले. त्यानंतर पायाच्या हाडास तणावाची चीर असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा त्यांनी त्याच महिन्यातील जागतिक स्पर्धा सोडली आणि थेट जानेवारी २०२३ मध्ये त्या परतल्या. जागतिक स्पर्धा सोडता येते, मग जिल्ह्याची निवडचाचणी का सोडता येऊ नये?

परतण्याचा मुहूर्त कोणता? शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने, ही किमान मर्यादा; त्याआधी उतरणाऱ्यांत पुन्हा इजा होण्याचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले आहे. पंचविशीच्या आत खेळात परतलेल्यांपैकी जवळजवळ चौघांत एकाला पुन्हा असाच बंध तुटण्याचा अनुभव येतो, कधी त्याच पायाचा तर कधी दुसऱ्या. म्हणून व्यायाम दोन्ही पायांचा करावा, आणि खेळ चालू झाल्यावरही तो सोडू नये. नऊ महिने झाले, पण लंगडीचे अंतर कमी पडते, किंवा मांडीची ताकद भरली नाही, तर दहावा, अकरावा महिना घ्यावा. दिनदर्शिका आणि गुडघा या दोघांचेही मत अनुकूल पडले पाहिजे.

पालक येथे विचारतात, ‘एवढे सारे करून पुन्हा खेळावयाचेच कशाला? दहावीचे वर्ष आहे.’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपले द्यावे. परंतु एक लक्षात असू द्यावे: खेळ सोडला म्हणून व्यायाम सोडता येत नाही. अर्धवट सावरलेला गुडघा पुढे घरच्या जिन्यावरही त्रास देतो, आणि त्यातील कूर्चा लौकर झिजते. नऊ महिन्यांचा उपचार खेळासाठी नसला तरी गुडघ्यासाठी करावाच लागतो.

सुदैवाने नेटबॉलच्या रचनेतच परतण्याची एक सोय आहे. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो आणि मधल्या विश्रांतीत खेळाडू बदलता येतात. तेव्हा पहिल्या सामन्यात मुलीला एकच भाग खेळवावा, तोही पहिला, अंग ताजे असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा पाहावा. सूज नसेल तर पुढच्या सामन्यात दोन भाग. सूज असेल तर आठवडाभर मागे येऊन पुन्हा एक. चारही भाग खेळावयास पाच-सहा सामने लागले तरी चालतील. तोपर्यंत बाकावर बसून गुणलेखन करण्याचे काम तिच्याकडे द्यावे, म्हणजे ती संघाबाहेर पडल्यासारखी होत नाही.